बेंदराचा फोटो

"जू ठेवणार न्हाय म्हणून सांगितलं न्हवं? मग झालं तर," असं म्हणत भावकूनं हौश्याच्या शिंगावर हिंगुळाचा दुसरा हात फिरवला.

"जू न्हाय तर बैलं काय शेपटीनं वढणार हैत ती गाडी?" जयाबाईनं कढईतला कडबू उलटला आणि नवऱ्याकडं न बघताच विचारलं. "बेंदराच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर वजं! तुमच्या बापानं कधी केलतं व्हय असलं?"

"खांद्यावर न्हाईच ठेवत गं! छातीला पट्टा बांधणार, पट्ट्याला दोर, दोर गाडीला. खांदा मोकळाच. काल लोणी-हळद चोळलीया, तिलासुदीक धक्का न्हाय लागायचा. पट्टा म्हंजे काय जू न्हवं. देवालाबी कळतंय की."

"देवाला तुमी लईच येडं समजालाय," जयाबाई म्हणाली.

ही युक्ती भावकूला आदल्या दिवशी खांदेमळणी करताना सुचली होती आणि तेव्हापासून तो स्वतःवर बेहद्द खूश होता. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्यांच्या गावात बैल जुंपत नाहीत. म्हणजे नाहीतच. पण रीत जितकी कडक, तितकी तिला भोकं पाडणारी माणसं हुशार. सोमवारी औत धरायचं नाही, पण गाडी चालते. गाडी भरायची नाही, पण रिकामी चालते. रिकाम्या गाडीत घरची माणसं बसली तर ती काय भरलेली म्हणायची? अशी प्रत्येकाच्या आज्यानं आपापली सोय करून ठेवलेली. भावकूनं त्यात एका पट्ट्याची भर घातली, एवढंच.

गाव धरणाच्या काठाला. पुढ्यात पाणी आणि पाण्यात एक उभा डोंगर. धरणाआधी तिथं गावची गुरं चरायची आणि त्याला भैरूचं टेक म्हणायचे. आता त्याला बेट म्हणतात. बेळगावच्या नागेंद्र सावकारानं तिथं रिसॉर्ट काढलं, आणि टेकावर जाऊन राहायला शहरातून कोण येणार? बेट म्हटलं की येतात.

या नागेंद्रला गोव्यात, जुन्या सामानाच्या एका दुकानात एक फोटो सापडला होता. लांबच्या कुठल्या समुद्रातल्या डोंगराळ बेटावरचा, शंभर वर्षांपूर्वीचा. उभी चढण, दगडी फरशी, आणि दोन बैल एक बिनचाकी गाडी ओढताहेत. पालखीसारखी बैठक, वर छत, बाजूला पडदे आणि खाली दोन लाकडी धावा. त्या धावांवर गाडी दगडावरून घसरत जायची. पुढं टोकदार टोपीतला गाडीवान, आत दोन मडमा. सावकारानं सुतार बसवून तशीच गाडी केली, टेकावर तशीच फरसबंदी केली, आणि पाहुण्यांना जुने कपडे चढवून, त्या गाडीत बसवून, तपकिरी रंगातले जुनाट फोटो काढून देऊ लागला. आज सकाळी काढलेला आपला फोटो शंभर वर्षं जुना दिसला की माणसाला कसला आनंद होतो, मला कळत नाही. पण होतो.

ओढायला बैल मात्र हवे होते. गावात दारोदार ट्रॅक्टर. खिलारी जोडी उरली ती एकट्या भावकूकडं, कारण त्याची हौस सुटत नव्हती. हौश्या आणि चंद्या. गावानं भावकूची चेष्टा केली ती केलीच. ढेकळं फोडायला शेतात मैंद ओढतात, तोही असाच बिनचाकी. "सावकारानं मैंदावर पडदं लावून माणसं बसिवली रं!" असं पारावरची मंडळी म्हणत. भावकू हसण्यावारी न्यायचा. बैलांना काम होतं, पोटभर वैरण होती आणि रोज चार माणसं त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत होती. त्याला तेवढं पुरे होतं.

पुरे नव्हतं ते एकच. त्याचा मुलगा सूरज बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर सामान चढवायच्या-उतरवायच्या कामाला होता. बायको सौम्या बेळगावची, सासरे हायस्कुलात मास्तर. एकदा व्याह्यांकडं पंगतीत मास्तरांनी भावकूला विचारलं, "सूरज सांगत होते, तुम्ही टुरिझममध्ये आहात. म्हणजे नक्की कुठल्या साइडला?"

भावकूनं सूरजकडं पाहिलं. सूरज भातात आमटी कालवत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "आउटडोअर साइड."

भावकूनं तो भात गिळला. सूरजनं खोटं सांगितलं याचं त्याला दुःख नव्हतं. त्यानं ते इतकं सहज सांगितलं, याचं होतं. त्यानंतर सूरजनं त्याला बेळगावला या म्हटलं नाही आणि तो गेला नाही.

म्हणून सावकार जेव्हा म्हणाला, "भावकूअण्णा, सांबऱ्याच्या रोडला मोठा बोर्ड लावणार आहे. बैलं, गाडी आणि पुढं तुम्ही. बेंदराला बैलं नटलेली असतात, तेव्हाच फोटो काढू," तेव्हा भावकूला त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही. सूरज रोज त्याच रस्त्यानं कामावर जायचा. जाताना बघेल, येताना बघेल. आणि बघायला त्याला मान वर करावी लागेल. एवढं एक व्हावं असं भावकूला इतकं वाटत होतं, की त्यापुढं बेंदूर कुठल्या कुठं राहिला.

शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झुली घातलेले बैल तराफ्यावर चढले, तेव्हा तराफा हाकणारा भरमा बघतच राहिला.

"जू कुठं हाय रं?"

"आज बेंदूर न्हवं व्हय? पट्टं बांधणार हाय छातीला."

"चढाला वढतील. आन उताराला?"

"उतरायचंच न्हाय. चढावरच फोटो. म्होरं गाडी रिकामी, मानसं धरून आणतील खाली."

"मग बरं," भरमा म्हणाला आणि त्यानं इंजिनाला दोरी मारली.

भरमाचा प्रश्न बरोबर होता आणि भावकूलाही तो माहीत होता. उताराला गाडी मागून रेटते. तो रेटा दांडीतून जुवावर येतो आणि बैल मानेनं तोलून धरतात. दोराला ओढता येतं, थोपवता येत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

टेकावर सगळी तयारी होती. फोटोसाठी पुण्याहून दोन मॉडेल आणली होती. करिष्मा लेसचा झगा घालून आणि आयुष उंच काळी टोपी घालून उभा. भावकूला पांढरा सदरा, लाल कमरबंद आणि नवा फेटा मिळाला. त्यानं धावांना तेलाचं फडकं फिरवलं, पट्टे बांधले आणि बैल चढाला लावले. छातीवरचा पट्टा बैलांना नवा होता. तरी ते ओढत राहिले, कारण पुढं भावकू होता.

वर जाईपर्यंत कॅमेरेवाल्यानं भरपूर फोटो काढले आणि एकही त्याला आवडला नाही.

"आजोबा, तुम्ही कॅमेऱ्याकडं बघू नका हो. पोलिसात उभं केल्यासारखे दिसताय." मग तो सावकाराकडं वळला. "सर, चढताना बैलांच्या माना खाली जातात. एकदम मरगळलेले दिसतात. उतरताना घेऊ. माना वर येतील, पडदे उडतील, जरा जान येईल."

सावकारानं भावकूकडं पाहिलं.

"उताराला न्हाय जमायचं सावकार. जू न्हाय घातलेलं."

"मग घाला की. शेडमध्ये पडलंय न्हवं?"

"आज न्हाय घालत आमी. बेंदूर हाय."

नागेंद्र सावकार वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही, बळजबरी केली नाही. "आयतु, ठीक आहे," तो म्हणाला. "तुमचा सण आहे, मी कशाला मोडू? बैलं सोडा. तुम्ही पण सावलीला बसा, चहा घ्या. आम्ही नुसतं गाडीत या दोघांना बसवून घेतो. बोर्डाला तेवढं पुरे."

भावकू बैल सोडायला वाकला. पट्ट्याच्या गाठीला हात लावला आणि तो तसाच थांबला. सांबऱ्याचा रस्ता, वर बोर्ड, बोर्डावर टोपीवाला आणि झगेवाली. सूरज खालून गाडीवरून निघून चाललाय. मान वर करायचं त्याला कारणच नाही.

"थांबा जरा," भावकू उभा राहिला. "थोडंच खाली जायाचं असंल तर जमंल. मी म्होरनं धरतो दोघास्नी."

"नक्की?"

"मी हाय न्हवं!"

जू शेडमध्ये होतं. शेड हाकेच्या अंतरावर होती. भावकूनं जू आणलं असतं तर सण मोडला असता. आणलं नाही तर बैल मोडणार होता. त्याला वाटलं, दोन्ही वाचतील आणि फोटोही निघेल. माणसाला कधीकधी असं वाटतं.

करिष्मा आणि आयुष गाडीत बसले. भावकू बैलांच्या पुढं, त्यांच्याकडं तोंड करून, दोन्ही हातांत वेसणीचे दोर धरून उलटा चालू लागला. "हौ... हौ... दमानं रं माझ्या राजा." सुरुवातीला गाडी नीट आली. बैलांनी माना वर केल्या. घुंगरं वाजली, वारा आला, पडदे उडले. "सुपर!" बाजूनं फोटो घेणारा कॅमेरेवाला ओरडला.

धावांना चढासाठी लावलेलं तेल तसंच होतं. एका गुळगुळीत दगडावर गाडी सुटली. ती आधी चंद्याच्या मागच्या पायांना टेकली. चंद्या अंग चोरून बाजूला झाला. हौश्याला व्हायला जागा नव्हती. एका बाजूला चंद्या होता आणि दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. भावकूनं दोर टाकले, दोन्ही हात पसरले आणि गाडी अंगावर घ्यायला तो बेंबीच्या देठापासून ओरडत पुढं धावला. गाडीतली दोघं किंचाळत एकमेकांना बिलगली. हौश्याचा मागचा पाय गाडीखाली गेला आणि तो मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

गाडी कठड्याला अडून थांबली. दोघं खाली उतरली. त्यांना काही लागलं नव्हतं. हौश्या बसकण मारून पडला होता आणि उठायचा प्रयत्न करत होता. पुन्हा पुन्हा करत होता.

"लागलं का त्याला?" करिष्मानं विचारलं.

कॅमेरेवाला मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मागं-पुढं करत होता. "आला," तो हळूच म्हणाला. "हाच. सर, बघा तरी."

सावकारानं आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, मग फोटो बघितला. डॉक्टर म्हणाला, आज बेंदूर आहे, संध्याकाळपर्यंत येतो. पाय मोडलेला बैल उभा राहत नाही हेही त्यानं फोनवरच सांगितलं. दुपारी पाहुण्यांची लाँच यायची होती आणि हौश्या वाटेच्या मधोमध पडलेला.

"भावकूअण्णा, मला समजतंय तुमचं," सावकार म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. "पण बायका-पोरं येणार आता. त्यांनी हे बघणं बरं न्हाय. ह्याला जरा टेकाच्या मागं, खाली नेऊया का?"

उचलून न्यायला तो काही बकरा नव्हता. वेटर, माळी, आचारी सगळे जमले आणि हौश्याला ढकलून, सरकवून, त्याच बिनचाकी गाडीत घातलं. छत मोडून काढावं लागलं. तेवढ्यात भावकू शेडमध्ये गेला आणि जू घेऊन आला. आता थांबायचं कशासाठी होतं? त्यानं दांडी अडकवली आणि हळद लावलेल्या चंद्याच्या खांद्यावर जू ठेवलं. दुसरं टोक मोकळं होतं. हौश्याची जागा. भावकूनं ते आपल्या खांद्यावर घेतलं.

एका बाजूला बैल, एका बाजूला माणूस. भावकू दोन्ही हातांनी जू धरून, मागं रेलून, टाचा दगडांत रोवत उतरू लागला. चंद्यानं मान ताठ करून वजन तोलून धरलं. गाडी कुठंही घसरली नाही. जू असलं की गाडी गुमान उतरते.

कॅमेरेवाल्याचा हात पुन्हा कॅमेऱ्याकडं गेला. पण सावकारानं "बेड, नको," म्हणून त्याला थांबवलं. एवढं सौजन्य त्याच्याकडं होतं.

डॉक्टर दिवस मावळताना आला. तोवर भावकूनं हौश्याच्या तोंडात पाणी सोडलं होतं, शिंगावरचा बेगड काढून टाकला होता आणि तिथंच, पाण्याच्या काठाला, रक्त वाहून तो मेलेला पाहिला होता. तिथंच खड्डा काढला.

जयाबाई दोन ताटं घेऊन दारात उभी होती. पुरणपोळी, कडबू, वर तुपाची धार. एकटा चंद्या अंगणात येताना तिनं पाहिला, मागनं आलेल्या भरमाचं तोंड पाहिलं आणि तिला विचारावं लागलं नाही. तिनं चंद्याला ओवाळलं. एक ताट त्याच्यापुढं ठेवलं. दुसरं हातात धरून ती नवऱ्याला म्हणाली, "जू तर न्हाय न्हवं ठेवलासा?"

"ठेवलं," भावकू म्हणाला.

गावात ज्याला त्याला तेवढंच कळलं. भावकूनं बेंदराला जू ठेवलं आणि बैल गेला. देवानं तिथल्या तिथं दाखवलं. जू ठेवलं नाही म्हणून बैल गेला, हे त्यानं एक-दोनदा सांगून बघितलं. लोकांना ते पटेना आणि त्यालाही ते सांगताना बरं वाटेना. मग त्यानं सोडून दिलं. सूरजला फोनवर त्यानं "हौश्या गेला रं" एवढं सांगितलं. "वय झालतं न्हवं त्येचं," सूरज म्हणाला आणि मागं कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुढं सूरजचाच फोन आला. आवाज असा, की भावकूला क्षणभर ओळखूच आला नाही.

"आप्पा! बोर्ड बघितलासा काय न्हाय अजून? आवं, सगळं एअरपोर्ट इचारालंय मला, कोण रं हे म्हातारं, काय हसालंय म्हणून! मी सांगून टाकलो, माझं आप्पा हाय त्ये. सौम्याच्या बाबांनी तर फोटो काढून सगळ्या मास्तरांस्नी पाठिवलाय. या की तुमी. रविवारी या."

जयाबाई येत नाही म्हणाली. भावकू एकटाच आला. सांबऱ्याच्या रस्त्याला सूरज उभा होता, विमानतळाच्या खाकी कपड्यात त्याचे तीन-चार सोबती होते, सौम्या होती, मास्तर होते. सूरज पुढं आला आणि सगळ्यांच्या देखत वाकून बापाच्या पाया पडला. मग त्यानं बापाचा हात धरला आणि वर बोट दाखवलं.

भावकूनं मान वर केली.

बोर्ड घराएवढा होता. तपकिरी रंग, शंभर वर्षांपूर्वीचा वाटावा असा. बैलांच्या माना वर, माळा उडालेल्या, पडदे फडफडणारे, आत दोघं एकमेकांना बिलगलेली. आणि सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हात पसरून, तोंड वासून, भावकू. कानडीत दोन ओळी, खाली इंग्रजी. सूरजनं मराठीत सांगितलं, "'आनंद कधी जुना होत नाही', असं लिवलंय आप्पा."

भावकू फोटोतल्या स्वतःकडं बघत नव्हता. तो हौश्याच्या मागच्या पायाकडं बघत होता. पाय गाडीच्या कडेला जिथं नाहीसा झाला होता, तिथं.

"काय निर्मळ हसणं आहे हो!" मास्तर म्हणाले. "पोटातून आलेलं. आमच्या शहरात असं हसायचं कुणाला जमत नाही. आम्ही नुसते दात दाखवतो."

"आप्पा, आता तुमी हितं, बोर्डाच्या खाली उभं ऱ्हावा," सूरजनं मोबाइल काढला. "वर त्यो फोटो, खाली तुमी. तसंच हसायचं. हात बी तसंच करा."

"सूरज," भावकू म्हणाला, "आरं, त्यो हौश्या तिथं..."

"व्हय आप्पा, हौश्याबी लई झकास आलाय. हौश्याचं नाव केलासा बगा. हसा आता."

भावकूनं मुलाकडं बघितलं. पोराच्या तोंडावर इतका आनंद त्यानं त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. खाकी कपड्यातली पोरं मोबाइल घेऊन गोळा झाली होती. मास्तर सौम्याला सांगत होते, तूही बाजूला उभी राहा, सासऱ्यांच्या. भावकू सांगू शकला असता. दोन वाक्यांचं काम होतं.

त्यानं दोन्ही हात पसरले आणि तोंड उघडलं.

"अस्सं!" सूरज म्हणाला. "अजून थोडं मोठं, आप्पा."

भावकूनं अजून थोडं मोठं उघडलं.